सॉफ्टवेअरच्या पानावर आलेली निवेदनं

मला कुणी नुसतं 'छान आहे' म्हटलं की अजूनही राग येतो. आमटीला म्हणा, साडीला म्हणा, माझी काही हरकत नाही. पण मी काहीतरी लिहून दाखवावं आणि समोरच्यानं स्क्रीनवरून एकदा अंगठा फिरवून 'छान आहे' म्हणावं, की तो फोन त्याच्या हातातून काढून घ्यावासा वाटतो. ही खोड मला नववीत लागली.

बेळगुंदीच्या थोडं पुढे आमचं गाव. घरटी निम्मी माणसं शेतात रताळी काढत असतात आणि निम्मी बेळगावात नोकरीला. मी नववीत होते त्या वर्षी आमच्या हायस्कूलमध्ये संगणकाची खोली झाली. खोली आधी खेळाच्या सामानाची होती, त्यामुळे चार संगणकांच्या मागे लेझमी आणि फाटकी व्हॉलीबॉलची जाळी तशीच पडून होती. आठवड्यातून तीन दिवस एक तरुण मॅडम बेळगावहून स्कूटीवर शिकवायला यायच्या. माजी विद्यार्थ्यांनी शाळेची वेबसाइट करून दिली होती आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची पानं घालायचं मॅडमच्या मनात होतं.

बाकीच्यांनी किल्ले घेतले, पक्षी घेतले, एकीनं चिरमुऱ्याचे लाडू घेतले. मी घेतलं 'सॉफ्टवेअर'. मला त्यातलं फार कळत होतं असं नाही. शब्द वजनदार होता आणि वर्गात दुसरं कुणी तो घ्यायला धजत नव्हतं, एवढंच. पंधरा दिवसांत माझं पान तयार झालं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, उघडझाप करणारं शीर्षक, कोपऱ्यात फिरणारी पृथ्वी आणि तिच्याशेजारी दोन वेण्या घातलेला माझा फोटो. पहिलंच वाक्य होतं, 'सॉफ्टवेअर म्हणजे संगणकास विशिष्ट कार्य करण्यासाठी दिलेल्या सुसंबद्ध आज्ञांचा संच होय.' ते वाचताना माझी मलाच भीती वाटायची, इतकं ते भारी होतं.

मॅडमनी मात्र एक अट घातली. प्रत्येकानं आपलं पान दहा माणसांना दाखवायचं, त्यांचा अभिप्राय घ्यायचा आणि त्यावरून पान सुधारायचं. सुधारलेली पानं शाळेच्या साइटवर जाणार आणि त्यांतलं एक पान बेळगावच्या विज्ञान प्रदर्शनात. ते एक पान माझंच असणार, याविषयी मला काडीचीही शंका नव्हती. घरी मी तसं जाहीरही करून टाकलं होतं. आईनं प्रदर्शनात घालायला नवीन ड्रेस शिवायला टाकला होता. म्हणजे आता मागे फिरायची सोय राहिली नव्हती.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन गल्लीत फिरले. आमच्याकडे पोरगी दारात वही घेऊन उभी राहिली की माणसं तिला आधी आत बसवतात, चहा देतात आणि मग ती काय म्हणेल त्याला मान हलवतात. शेजारच्या काकूंनी पान न बघताच लिहिलं, 'छान आहे. खूप मोठी हो.' किराणा दुकानदारानं लिहिलं, 'छान. गावाचे नाव रोशन कर.' पिरनवाडीच्या आत्याला फोनवर पान पाठवलं, तर ती म्हणाली, "लई ग्वाड दिसालीस गं, पर वेण्या जरा घट्ट घालायच्या व्हत्यास की!"

दहा अभिप्राय एका संध्याकाळीच झाले. दुसऱ्या दिवशी ती वही मी मॅडमपुढे अशी ठेवली, की आता त्यांनी पाठ थोपटायचीच तेवढी बाकी आहे. त्यांनी सगळी पानं वाचली आणि वही मिटून मला परत दिली.

"हे अभिप्राय नव्हेत, आशीर्वाद आहेत," त्या म्हणाल्या. "तुझं पान यातल्या कुणी वाचलंय?"

मग त्यांनी माझ्या पानाच्या खाली एक चौकट करून दिली. वर नाव आणि गाव, खाली मोठी रिकामी जागा आणि तिच्या डोक्यावर एक ओळ, 'आपले म्हणणे येथे लिहा.' म्हणाल्या, "तू समोर उभी राहिलीस की लोक संकोचतात. लिंक पाठव. एकांतात लिहितील ते खरं लिहितील."

लिंक पाठवायचं काम मी अण्णांना सांगितलं आणि तिथंच माझं चुकलं.

अण्णा म्हणजे माझे चुलते, बाबांचे थोरले भाऊ. दोन वेळा पंचायतीवर निवडून आलेले आणि नंतर कायमचे निवेदनं लिहिणारे. आमच्या भागात निवेदन हा काय प्रकार आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आम्ही सीमेवरची माणसं. काहीही झालं की आधी निवेदन देतो. खांबावरचा दिवा गेला, निवेदन. दाखल्यात चूक झाली, निवेदन. एक तहसीलदारांना, एक डीसी साहेबांना, म्हणजे आमच्या कलेक्टरना, एक त्यांच्याहून वरच्याला. अण्णा प्रत्येक निवेदन मराठीतही लिहायचे आणि कन्नडातही, म्हणजे कचेरीत कुणाला भाषेची सबब नको. गावातली निम्मी निवेदनं त्यांच्याच हातची. माणसं नुसती खाली सही करायची. कचेरीत त्याच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून शिक्का मारून घ्यायचा, ती पोच. अण्णांच्या लोखंडी कपाटात अशा पोचांच्या सात फायली होत्या. उत्तरांची फाईल नव्हती, कारण उत्तर कधी आलंच नव्हतं.

अण्णांनी माझी लिंक उघडली. वरची पृथ्वी, वेण्या, आज्ञांचा संच वगैरे सगळं ओलांडून ते थेट खालच्या चौकटीशी थांबले. 'आपले म्हणणे येथे लिहा.' चष्मा वर करून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"आनि हे कुणाकडं जातंय?"

"शाळेत जातंय, अण्णा. मॅडम बघतात. मुख्याध्यापक बघतात."

"मंजे वरपर्यंत जातंय."

"व्हय," मी म्हणाले. माझ्या मनात आपलं प्रदर्शन होतं.

सोमवारी संगणकाच्या तासाला मॅडमनी चौकट उघडली. एकतीस जणांनी लिहिलं होतं! वर्गानं टाळ्या वाजवल्या. किल्लेवाल्याला चारच आले होते. मी मान ताठ करून पुढे जाऊन बसले आणि मॅडमनी पहिला अभिप्राय मोठ्यानं वाचला.

'मा. मुख्याध्यापक साहेब यांस. विषय: मारुती देवळामागील नळास पाणी न येणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की...'

वर्गात जो काही हशा पिकला, तो शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला येईपर्यंत थांबला नाही. दुसरा अभिप्राय सकाळची बस वळणावर थांबत नाही याबद्दल. तिसरा रेशनकार्डात सासूचं वय सुनेपेक्षा कमी पडलंय त्याबद्दल. रताळ्याच्या शेतात डुकरं शिरतात. स्मशानाच्या वाटेवर दिवा नाही. शाळेच्या मुतारीला दार नाही, हे तर तिघांनी लिहिलं होतं. ज्या काकूंनी वहीत 'खूप मोठी हो' लिहिलं होतं, त्यांनी इथं नवऱ्याच्या पेन्शनीची सगळी हकिकत घातली होती आणि शेवटी 'आपली विश्वासू'. सगळ्यांचा मायना एकच, कारण मायना सांगणारा एकच. अण्णांनी गावभर निरोप दिला होता की शाळेनं निवेदन घ्यायची सोय केलीया, फोनवरनंच द्यायचं, हेलपाटा न्हाय.

सॉफ्टवेअर हा शब्द एकतिसांत एकदाही नव्हता.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. त्या दिवशी तो पार कानांत गेला होता. मला वाटलं, गावानं मिळून माझी थट्टा केली. मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या, म्हणून त्यांचाही राग आला. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"सगळं पुसून टाका, मॅडम," मी म्हणाले.

"का? माणसांनी विश्वासानं लिहिलंय. आपण चौकट ठेवली, म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी आपली. मुतारीचं मी मुख्याध्यापकांना सांगते. बाकीच्यांना तू लिही. साधं, खरं, आणि नाव घेऊन."

"आणि माझे दहा अभिप्राय?"

"दहा राहू देत. शनिवारी पानांची निवड आहे. तोवर मला एकच माणूस दाखव, ज्याला आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि तुझं पान वाचून कळलं. त्यानं तसं स्वतः त्या चौकटीत लिहायचं. तेवढं झालं तर तुझं पान जाईल, नाहीतर नाही."

एकच माणूस! मला ते फार सोपं वाटलं. मंगळवारी प्रत्येक सुट्टीत बसून मी एकेका निवेदनाखाली उत्तरं लिहिली, तीही धुसफुसतच. 'आपले म्हणणे मिळाले. नळ दुरुस्त करणे शाळेच्या हातात नाही, ते पंचायतीकडे द्यावे लागेल. हे पान सॉफ्टवेअरविषयी आहे. वेळ झाल्यास वाचावे.' शेवटची दोन वाक्यं मी सगळ्यांना चिकटवली. अण्णांचं निवेदन बसबद्दल होतं. त्यांनाही तसंच लिहिलं. खरं तर त्यांना जरा जास्तच कोरडं लिहिलं.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा बाहेरच्या सोप्यावर फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. मी बोलायचं नाही असं ठरवून आत चालले होते.

"उत्तर आलं गं," ते म्हणाले.

"मीच लिहिलंय ते."

"ते म्हाईत हाय. खाली तुझं नाव हाय की." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला, जणू मी ते वाचलंच नव्हतं. "न्हाय म्हणून का असंना, पर उत्तर हाय. इतक्या वर्सांत मला कुणी न्हाय सुद्धा म्हटलेलं न्हाय बघ."

हे ते हसत म्हणाले. त्यांना वाईटबिईट वाटत नव्हतं, नवल वाटत होतं. माझा राग मात्र तिथल्या तिथं विरघळला आणि मला माझीच लाज वाटली. आत जायचं सोडून मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"तू लिहिलंयस, वेळ झाल्यास वाचावे. मग वाचलं म्या," अण्णा म्हणाले. "तीन डाव वाचलं."

मला एकदम आशा वाटली. माणूस मिळाला! "मग? समजलं?"

अण्णांनी चष्मा काढला. निवेदनातली चूक दाखवायची असली की ते आधी चष्मा काढायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे तू लिहिलेलं न्हाय."

"म्हणजे? मीच टाइप केलंय सगळं!"

"टाइप केलं असशील. आगं, आयुष्यभर दुसऱ्यांची निवेदनं लिहिलोय मी. सही एकाची आनि मजकूर दुसऱ्याचा, हे मला बघितल्याबरोबर कळतंय. हे 'सुसंबद्ध' कुठल्या दुकानातनं आणलंस?"

मी उसळलेच. इंटरनेटवरून सगळेच घेतात, किल्लेवाल्यानं तर फोटोसकट घेतलंय, असं काय काय बोलले. पुस्तकात असंच असतं, तुम्हाला कळत नाही त्याला मी काय करू, हेही बोलले. मी थांबल्यावर अण्णांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुला कळलंय का?"

त्यावर मी रडायला लागले. कारण मला कळलं नव्हतं. पंधरा दिवस मी रंग बदलले होते, पृथ्वी फिरवली होती आणि त्या वाक्याच्या आत एकदाही शिरले नव्हते. आई आतून बाहेर आली आणि पोरीला कशाला रडवताय म्हणून अण्णांवरच खेकसली. अण्णांनी तिला चहा ठेवायला सांगितलं.

"संगणकात सॉफ्टवेअर न्हाय घातलं तर काय हुतंय?" चहा घेताना त्यांनी विचारलं. "एवढंच सांग."

"काही होत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो. पण त्याला काय करायचं तेच कळत नाही."

"मंजे कचेरीगत," अण्णा म्हणाले. "इमारत हाय, टेबल हाय, पंखा फिरालाय. पर कागद आला तर त्याचं काय करायचं, हे कुणी सांगिटल्याबिगर कागद जाग्यावरनं हलत न्हाय."

मी कप खाली ठेवला. असा आनंद मला त्याआधी अभ्यासात कधी झाला नव्हता. मी आत पळत जाऊन वही आणली. इमारत, टेबल, कपाट म्हणजे हार्डवेअर. कागद आला की काय करायचं, कुणाकडे द्यायचा, कुठला शिक्का मारायचा, हे ठरवणारे नियम म्हणजे सॉफ्टवेअर. कुठला कागद आधी आणि कुणाच्या टेबलावर, हे ठरवणारा हेडक्लार्क म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. एकजण फक्त रेशनकार्ड बघतो, एकजण फक्त उतारे देतो, तसे एकेका कामाचे प्रोग्रॅम. नियमात बदल झाल्याचं नवीन परिपत्रक आलं की अपडेट. खोटी सही करून आत शिरणारा आणि सगळ्या फायली घोळात घालणारा, तो व्हायरस.

अण्णा इतके रंगले की रोजच्या पान-सुपारीची सुद्धा त्यांना आठवण झाली नाही. पण ते लगेच मान हलवणाऱ्यांतले नव्हते.

"शिपाई कुठाय ह्यात?"

"शिपाई नसतो संगणकात, अण्णा."

"शिपाई न्हाय असं कसं? ह्या खोलीतला कागद त्या खोलीत कोण नेतंय? शिपाई न्हाय तर कचेरी बंद."

यावर आमचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हसत हसत विचारलं, तर त्या म्हणाल्या, असतो ना. प्रिंटरपर्यंत निरोप नेणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ते नसलं तर प्रिंटर नुसता बसून राहतो. मी घरी येऊन हे सांगितलं आणि त्या रात्री जेवताना अण्णांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

बुधवार आणि गुरुवार मी पान लिहिलं. निळं-पिवळं तसंच ठेवलं, कारण ते मला मनापासून आवडायचं. पृथ्वी काढून टाकली. 'संच होय' काढताना हात थोडा अडला, खोटं कशाला बोलू. लिहिलं, 'आपल्या गावाजवळची एखादी कचेरी डोळ्यांपुढे आणा.' आणि तिथून पुढे माझ्याच भाषेत चालत गेले. एक वाक्य कळलं नाही तर पुढचं लिहायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. दोन ठिकाणी मला मॅडमना गाठून विचारावं लागलं आणि एक परिच्छेद मला कळेचना, म्हणून तो मी गाळून टाकला.

शुक्रवारी नवीन पान अण्णांना पाठवलं. ते बांधावर होते. संध्याकाळी आले, पाय धुतले, जेवले आणि पानाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी दोनदा त्यांच्यासमोरून उगीचच गेले. विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारलं असतं तर ते 'व्हय' म्हणाले असते आणि मग ते माझ्या तोंडाकडे बघून म्हटलेलं झालं असतं.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा. साडेदहाला मॅडमनी एकेकाला बोलावून पानं बघायला सुरुवात केली. लाडवांचं पान सगळ्यांना आवडलं. लाडूवालीला खरेखुरे अभिप्राय आले होते, गुळाचा पाक किती कडक हवा यावर गावातल्या बायका त्या चौकटीत हमरीतुमरीवर आल्या होत्या. आईनं शिवायला टाकलेला ड्रेस डोळ्यांपुढे आला. मग माझं नाव घेतलं.

मॅडमनी नवीन पान पहिल्यापासून वाचलं. शिपायापाशी आल्यावर त्या हसल्या. "आता हे तुझं आहे," त्या म्हणाल्या. "माणूस आणलास का?"

"माहीत नाही, मॅडम."

त्यांनी खालची चौकट उघडली. मंगळवारनंतर एकच नोंद आली होती. नाव अण्णांचं, गाव आमचं, वेळ सकाळची, म्हणजे मी शाळेला निघाल्यानंतरची. मला वाटलं, आता 'मा. मॅडम यांस' येणार, मग विषय, मग वरील विषयास अनुसरून. सात फायली भरून लिहिणाऱ्या माणसाला त्याशिवाय लिहिताच येत नाही, अशी माझी समजूत होती. पण 'मा.' नव्हतं, विषय नव्हता, विनंती नव्हती. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत अण्णांनी एकच शब्द लिहिला होता.

'समजलं.'